न्यूट, शार्क आणि गप्पी मासे

‘न्यूट’ ह्या प्राण्याला मराठीत रूढ नाव नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. बेडकाप्रमाणे उभयचर, पण आयुष्यभर शेपटी राखणारा हा जीव महाराष्ट्रात कुठेच आढळत नाही. भारतात तो दार्जिलिंगकडच्या पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत सापडतो. सोलापुरात माझी त्याच्याशी ओळख झाली ती कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या १९३६ सालच्या कादंबरीतून, तीही इंग्रजी भाषांतराच्या आडवाटेने.

ही कादंबरी वसाहतवाद आणि फॅसिझम ह्यांवरील उपहास म्हणून वाचली जाते. वर्गात मीही ती तशीच मांडत होतो. तेव्हा घरी मत्स्यपेटी बाळगणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, न्यूट आणि मासे एका पेटीत ठेवता येतील का?” वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न संहितेच्या मुळाशी जाणारा वाटला.

कारण कादंबरीचा आरंभच न्यूट आणि मासे ह्यांच्या सहवासातून होतो. सुमात्राजवळच्या एका बेटाच्या खाडीत न्यूट राहतात आणि शार्क मासे त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. कॅप्टन व्हान टॉख त्यांना शार्कशी लढण्यासाठी सुरे देतो; मोबदल्यात मोती घेतो. त्याला त्या जीवांबद्दल खरोखर माया आहे. पण एका बाजूला शस्त्र मिळताच त्या पाण्याचा तोल ढळतो, आणि पुढचा सारा संहार तिथून सुरू होतो.

विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते असे. बहुतेक न्यूटांना विशीच्या आतले थंड पाणी लागते. गप्पीसारख्या माशांना उबदार. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात तर न्यूटाची पेटी थंड राखणेच अवघड. शिवाय न्यूट संथ माशांचे पर कुरतडतो, मासे त्याच्या पिल्लांचे बाहेर आलेले कल्ले तोडतात, आणि अनेक न्यूटांच्या त्वचेतले विष त्यांना गिळणाऱ्याला मारू शकते. ह्यात खलनायक कोणीच नाही. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि काचेच्या पेटीत माघार घ्यायला जागा नसते.

आपल्या भाषेने मात्र हे दोघे एका शब्दात नांदवले आहेत. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाला आपण ‘बेडूकमासा’ म्हणतो. शब्दात हा समास सुखाने राहतो. पाण्यात तसे घडेलच असे नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे हौद, टाक्या, विहिरी ह्यांत गप्पी मासे सोडले जातात. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचा उत्तर अमेरिकी नातलग गॅम्बुसिया हाही डासांसाठीच जगभर नेला गेला. कॅलिफोर्नियातल्या ओढ्यांमध्ये तो न्यूटांची पिल्ले खातो, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे चापेकच्या खाडीत माणसाने न्यूटाच्या हाती सुरा दिला; इथे त्याने माशाला न्यूटाच्या दारात आणून सोडले.

तरीही गप्पी माशांविरुद्ध मला सहजपणे बोलता येत नाही. डेंग्यूचा ताप आमच्या गल्लीतून जाऊन आला आहे. तापलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला बेडूकमाशांची काळजी करा असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. मग निदान एवढा विवेक हवा, की बंदिस्त हौदातला उपाय बंदिस्त हौदातच राहावा. पावसाळी डबक्यात आणि ओढ्यात, जिथे बेडकांची पिढी वाढते, तिथे तो नेऊ नये.

साहित्याच्या वर्गात आपण ‘सहअस्तित्व’ हा शब्द फार सैलपणे वापरतो. चापेक वाचताना त्या शब्दाआधी विचारावे असे काही साधे प्रश्न आहेत: पाणी किती आहे, ते कोणाला मानवते, आणि ते कोणी भरले?