गृहिणीचा सहावा भाग

धंदा करणाऱ्या स्त्रीस निवांतपणा कोठून मिळणार, असा प्रश्न आमच्या एडवण गांवीं वारंवार निघतो. कोळिणीचा व्यवहार भरती-ओहोटीच्या हातीं. परंतु घरीं पापड-मसाल्यांचा धंदा चालविणाऱ्या सुशिक्षित गृहिणीचीही स्थिति निराळी नाहीं. गिऱ्हाईक, हिशेब आणि स्वयंपाक हीं तिन्ही तिच्याच माथीं. शाळेंत आवडीनें काव्यें वाचणाऱ्या मुली पुढें जमाखर्चाच्या वहीखेरीज कांहीं वाचीत नाहींत, हें आम्हीं पाहिलें आहे.

वेळ उरण्याची वाट पाहूं नये. तो आधींच नेमून ठेवावा. कौटिल्यानें राजाच्या दिवसाचे आठ भाग करून सहावा भाग स्वैरविहारास किंवा मंत्रणेस दिला आहे. सूर्योदय सहास धरला, तर हा काळ दुपारीं दीड ते तीन असा येतो. राज्याच्या धन्यास जें विहित, तें धंद्याच्या मालकिणीस कां नसावें?

मात्र राजाचा भार वाहण्यास अमात्य असतात. कामाची वांटणी झाली तरच हें साधतें. सन १९५९ मध्यें मुंबईस गिरगांवांत ७ भगिनींनीं ८० रुपये उसने घेऊन पापडांचा उद्योग आरंभिला; तोच पुढें 'लिज्जत' या नांवानें प्रसिद्ध झाला. तेथें पीठ एकत्र मळलें जातें, लाटणें घरोघरीं होतें आणि विक्री संस्था पाहते. एकीवर सर्व भार पडत नाहीं.

एकत्र कुटुंबांत तर माणसें आयतींच आहेत. त्या दीड तासांत गिऱ्हाइकास सासऱ्यानें सामोरें जावें, चहा मुलांनीं करावा. आणि ती निजली कीं वाचीत बसली, याची चौकशी कोणीं करूं नये.