मधले तास

मुलीला शाळेतून काढलं हे कळल्यावर सांगलीहून आईने फोनवर पहिलं विचारलं ते हेच, "अरे, मग दिवसभर पोरगी असते कुठं?" परीक्षा, सर्टिफिकेट, पुढं कॉलेज हे सगळं नंतर आलं. होमस्कूलिंगबद्दल आम्ही ज्या ज्या शिकल्या-सवरलेल्यांशी बोललो, ते अभ्यासक्रमावर तासभर बोलायचे. मुद्द्याला हात घातला तो आईनेच.

आम्ही चाकणहून हरियाणातल्या मानेसरला आलो. कामाचं जग तेच. 2007 मध्ये उद्घाटन झालेला मारुतीचा कारखाना, होंडाच्या दुचाक्या, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे आमच्यासारखे व्हेंडर आयएमटी या औद्योगिक वसाहतीच्या सेक्टरांमध्ये दाटीवाटीने. मी क्वालिटीत, एक आठवडा सकाळची ए शिफ्ट, एक आठवडा दुपारची बी. बायको गुरुग्रामच्या उद्योग विहारात, तिचे निम्मे दिवस घरूनच लॅपटॉपवर जातात.

2024 च्या नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली, की प्रदूषणावरच्या निर्बंधांचा, म्हणजे ग्रॅपचा, चौथा टप्पा लागला आणि एनसीआरमध्ये शाळांचे वर्ग बंद होऊन सगळं ऑनलाइन गेलं. त्या दिवसांत मी शेजारी बसून पाहिलं. हजेरी, गोंगाट आणि "मॅम, आवाज येत नाहीये" वजा केलं, तर तिचा दिवसभराचा अभ्यास दोन तासांत आटपत होता. वर्ष संपल्यावर दाखला काढला.

शिकवणं त्या मानाने सोपं आहे, हे मी पैजेवर सांगेन. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ‘किशोर’चे जुने अंकही वाचता येतात, मराठीची सोय झाली. गणिताला मी जुना व्हर्नियर कॅलिपर घरी आणला. दहाच्या नाण्याचा व्यास आणि ताटातल्या पराठ्याची जाडी तिने मोजली. मुख्य पट्टी वाचली, मग डोळा बारीक करून व्हर्नियरची कुठली रेघ जुळते ते शोधलं, आणि म्हणाली, "बाबा, सत्तावीस. पण पराठा कडेला जाड आहे आणि मध्ये पातळ, त्याचं काय लिहू?" लीस्ट काउंट 0.02 मिलिमीटर. दशांश चिन्ह म्हणजे काय, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही. पाच ठिकाणी मोजून सरासरी काढायची, हेही तिने पराठ्यावरच शिकून घेतलं.

हे दोन तास झाले. उरलेल्या आठ तासांचं काय? शाळा मुलांना शिकवते त्याहून जास्त ती त्यांना सांभाळते, आणि नोकरदार आईबापांसाठी तिची खरी किंमत तिथंच आहे. हे बोलायला आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण अभ्यासक्रमावर वाद घालतो.

होमस्कूलिंगच्या गाजलेल्या गोष्टी आठवून पाहा. 2010 मध्ये चौदाव्या वर्षी आयआयटीची प्रवेशपरीक्षा पास झालेला दिल्लीचा सहल कौशिक घरीच शिकला. त्याची आई डॉक्टर, तिने प्रॅक्टिस सोडली. मुंबईच्या मालविका जोशीकडे दहावीचंही सर्टिफिकेट नव्हतं, तरी 2016 मध्ये ती एमआयटीत पोचली. तिच्याही आईने नोकरी सोडली होती. दोन्ही मुलं असामान्य, यात शंका नाही. पण पगार कुणाचा गेला? आमच्याकडेही नातेवाइकांनी "नोकरी सोडणार का?" असं विचारलं ते बायकोलाच. मला एकानेही नाही.

नोकरी न सोडता, म्हणजे खरं तर घरकाम न सोडता, शिकवणारी एक आई आपल्याकडे होऊन गेली. पंडिता रमाबाईंच्या 1887 च्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत रेचेल बॉडलींनी तिचं वर्णन केलंय. रमाबाईंच्या आई लक्ष्मीबाईंना दिवसभर उसंत नसायची, म्हणून त्या पहाटे लेकीला अंथरुणातून उचलून लाडाने जागं करायच्या आणि पाठ द्यायच्या. हातात पुस्तक नाही, सगळं तोंडी. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी याच मुलीला ‘सरस्वती’ पदवी दिली. सुंदर गोष्ट आहे. पण लक्ष्मीबाईंच्या झोपेचा हिशेब कुणी ठेवला नाही. आम्हाला तो मार्ग नको होता.

तेव्हा आम्ही तास वाटून घेतले. बी शिफ्टला सकाळ माझी. ए शिफ्टच्या आठवड्यात, बायको ऑफिसला असेल तेव्हा मुलगी खाली घरमालकीणबाईंकडे. त्यांच्या दोन म्हशी आहेत. चारा किती, दूध किती, उधारी कुणाकडे, ही वही आता आमची मुलगी लिहिते. बाईंना आम्ही महिन्याचे पैसे देतो आणि त्या ते मोजून घेतात. बरं वाटतं, उपकारावर चाललेली व्यवस्था फार टिकत नाही.

कायद्याचं थोडक्यात. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य मानलंय. होमस्कूलिंगचं नाव त्यात नाही. परीक्षेसाठी एनआयओएस हे मुक्त शाळेचं राष्ट्रीय मंडळ आहे. तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे, आणि चौदा पूर्ण झाल्यावर दहावी. त्यात मराठी हा विषयही घेता येतो.

तुमच्या मनात असेल, तर पुस्तकांची यादी नंतर करा. आधी कागदावर आठवड्याचे सगळे तास मांडा आणि प्रत्येकापुढे मोठ्या माणसाचं नाव लिहा. आमच्या कागदावर बी शिफ्टच्या गुरुवारी तीन ते साडेसहा अजून कोरं आहे. मानेसरात कुणी मराठी आजी-आजोबा ओळखीचे असतील, तर जरूर कळवा. पैसे देऊ.