सही एकाची, हात दुसऱ्याचा

थोर माणसांच्या पत्रसंग्रहांच्या प्रस्तावनांत एक विधान हमखास भेटते : पत्रांतून लेखकाचे खरे व्यक्तिमत्त्व प्रकट होते. कवीच्या वा कादंबरीकाराच्या खाजगी पत्रांपुरते ते बहुधा खरेही असते. पण ज्याने राज्यकारभार केला, अशा माणसाचे पत्र हाती येते तेव्हा मला आधी विचारावेसे वाटते, की हा मजकूर कागदावर उतरवला कोणी? सही खाली असते. मसुदा, मायना, टंकलेखन, नक्कल ठेवणे, पाकीट रवाना करणे हे सारे दुसऱ्याच कुणाच्या हातून झालेले असते. त्या दुसऱ्याची नोंद साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडते.

मी रोह्याला राहतो आणि पेणला शिकवतो. या वाटेवर, नागोठण्याच्या पुढे, वाकणला पालीकडे जाणारा फाटा फुटतो. त्या अंगाला सुधागड आहे. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहून झाले नव्हते, आणि विचारणा होताच बाळाजींनी कोरा कागद समोर धरून संपूर्ण पत्र अस्खलित वाचून दाखवले. ही कथा आपण स्मरणशक्तीचा वा हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून सांगतो. मला तिचा अर्थ थोडा भयावह वाटतो. धन्याला काय म्हणायचे आहे, कोणत्या शब्दांत, हे चिटणिसाला कागदाआधीच ठाऊक आहे. आणि धन्यालाही ते ऐकताना परके वाटत नाही. मग त्या पत्राची शैली कोणाची म्हणायची? १६८१ साली, शहजादा अकबराकडे गेलेल्या एका पत्राच्या प्रकरणात, याच बाळाजींना सुधागडाच्या परिसरात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्यांच्या निर्दोषत्वाविषयी परंपरा ठाम आहे. दोषाचा निवाडा इतिहासकारांनी करावा. मला दिसते ते एवढेच, की दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्या हातावर संशय येणे फार सोपे असते. पुढे त्याच घरातले खंडो बल्लाळ पुन्हा चिटणिशी करू लागले.

रोह्याचे नाव निघाले की चिंतामणराव देशमुखांचे नाव येतेच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, १९५२ साली आमच्या तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले. त्यांच्या चरित्रातला मला विशेष जवळचा वाटणारा तपशील मात्र लहानसा आहे. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत हे सनदी अधिकारी सचिवांच्या गटात काम करीत होते. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रतिनिधी म्हणून बसले होते. पुढे दोघेही नेहरूंच्या मंत्रिमंडळात आले आणि दोघांनीही राजीनामे दिले : बाबासाहेबांनी १९५१ मध्ये, चिंतामणरावांनी मुंबईच्या प्रश्नावर जुलै १९५६ मध्ये.

मंत्रिपद सोडलेल्या माणसाचा पत्रव्यवहार कसा चालतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण बाबासाहेबांचेच आहे. पद गेले की दिमतीचे कार्यालयही जाते. पत्रे मात्र थांबत नाहीत. उलट, फाईल नसल्याने ती थेट माणसाच्या अंगावर येतात. दिल्लीत २६, अलीपूर रोडवर हे काम नानकचंद रत्तू करीत. रत्तू पंजाबातल्या होशियारपूरकडचे, पोटासाठी सरकारी नोकरी करणारे. कचेरी सुटल्यावर ते सायकलवरून येत आणि रात्री उशिरापर्यंत बसत. पत्रे, भाषणे, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या इंग्रजी हस्तलिखिताची पाने त्यांच्या टंकयंत्रातून गेली.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी झोपण्यापूर्वी काही टंकलिखित कागद मागून घेतले. त्यांत ग्रंथाची प्रस्तावना होती, आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रेही होती. संकल्पित रिपब्लिकन पक्षात या दोघांनी यावे, असा बाबासाहेबांचा मानस होता. रत्तूंनी ते कागद बिछान्याजवळच्या मेजावर ठेवले आणि सायकलवरून घरी गेले. सकाळी सविताबाईंनी त्यांना गाडी पाठवून बोलावून घेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धामधुमीत मराठी राजकारणाचा एक वेगळा जुळाव त्या मेजावर, एका पंजाबी कारकुनाने टंकित केलेल्या कागदांत पडून होता.

याच रत्तूंमुळे आपल्याला ३१ जुलै १९५६ चा प्रसंगही माहीत आहे. बाबासाहेबांनी डोळ्यांत पाणी आणून मोठ्या कष्टाने पुढे आणलेल्या काफिल्याविषयी जे सांगितले, त्याला त्या घडीचा साक्षीदार एकच. तो संदेश आज भिंतीभिंतींवर आहे. तो ज्याने टिपला त्याचे नाव त्याखाली बहुधा नसते. रत्तूंच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या त्या जवळजवळ चार दशकांनी. सविताबाईंच्या आठवणीही मराठीत आहेत, आणि दोन्ही सगळीकडे जुळत नाहीत. विद्यार्थी विचारतात, खरे कोणाचे? मी त्यांना दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचायला सांगतो. कोण खोलीत होते, कोण दाराशी होते, कोणी किती वर्षांनी लिहिले, कोणाचा कोणावर राग होता, हे सारे वाचायचे. चिटणिसाची साक्ष ही अखेर साक्षच. ती निष्ठेने दिलेली आहे म्हणून उलटतपासणीतून सुटत नाही. उलट, आयुष्यभर दुसऱ्याच्या आवाजात लिहिलेला माणूस प्रथमच स्वतःच्या आवाजात बोलतो तेव्हा त्याचा स्वर किंचित चढा लागतो, आणि तो चढा सूर मला खोटेपणाचा पुरावा वाटत नाही.

चिंतामणरावांनी १९७४ साली आपले आत्मचरित्र स्वतःच इंग्रजीत लिहिले. कधी काळी सचिवाच्या खुर्चीत बसलेला माणूस! रत्तूंना ती सवड नोकरीतून निवृत्त झाल्यावर मिळाली. २००२ साली ते वारले.