फुटलेला रस

हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. झाकण घट्ट बसतं ना, वास टिकलाय ना, एवढं बघितलं की झालं. आमच्याकडे ती वाचली भाचीच्या मुलीने. ती सहावीत आहे, गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला सोसत नाही, त्यामुळे कुठल्याही पुडीची ती आधी पाठ बघते. वरणाला फोडणी द्यायला मी डबी उघडली, तर म्हणाली, "मावशीआजी, दाखव." मग मोठ्याने वाचलं: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात हे तिला पाठ आहे. म्हणजे इतकी वर्षं मी वरणाला कणकेची फोडणी देत होते.

यात कुणाची लबाडी नाही. हिंग हा मुळातून पाझरणारा चीक, आणि निखळ हिंग इतका जहाल की चिमूटभरानेही आमटी कडू व्हावी. म्हणून तो डिंकात आणि पिठात बांधतात. पीठ तांदळाचं असलं तर प्रश्न मिटला, पण बहुतेक डब्यांत गहू किंवा मैदा. माल येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. आपल्याकडे लाहौलच्या खोऱ्यात त्याची पहिली रोपं लावली तीच मुळी 2020 साली. हे सगळं त्या मुलीमुळे वाचावं लागलं, नाहीतर जन्म गेला असता फोडण्या देण्यात.

एकदा गहू शोधायला लागलं की तो भुतासारखा सगळीकडे दिसतो. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर, सोया सॉसमध्ये भरपूर, बाजारच्या तळलेल्या शेंगदाण्यांच्या आवरणात. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या थाई करी खायला गेल्या तेव्हा हिने घरून डबा नेला होता, कारण हॉटेलातल्या माणसाला ग्लूटेनचं विचारल्यावर त्याने अतिशय आश्वासक चेहऱ्याने सांगितलं, "मॅडम, प्युअर व्हेज आहे." आणि नेमकी तीच पंचाईत होती. थाई करीला खारटपणा देते नाम प्ला, म्हणजे मोतकासारखे बारीक मासे आणि मीठ मोठ्या रांजणात महिनोन् महिने मुरवून गाळलेलं पाणी. त्यात गहू येण्याचं कारण नाही. आपल्या शाकाहारी हॉटेलात मासा काढतात, त्याच्या जागी सोया सॉस ओततात, आणि सोयाबीनच्या मागोमाग गहू आत शिरतो.

"पण गव्हामुळे होतं हे कळलं कसं?" असं तिने डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे. चांगला प्रश्न आहे. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी 1924 मध्ये अशा मुलांना केळ्यांवर ठेवायची पद्धत मांडली. मुलं टवटवीत व्हायची, आणि श्रेय केळ्याला जायचं. पाव बंद झाला होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला मात्र तीसच्या दशकापासूनच पावाचा संशय होता. मग 1944-45 चा हिवाळा आला, जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली, लोक ट्युलिपचे कंद उकडून खायला लागले. सगळा मुलूख खंगत असताना हेगच्या इस्पितळातली ही मुलं सावरली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली, अशी ती गोष्ट सांगतात. डिके यांचा प्रबंध 1950 चा, युट्रेख्टचा. मला ती मुलं डोळ्यांसमोर येतात. बाहेर उपासमार, आणि आपल्याला बरं वाटतंय.

तर, थाई करी घरी करायची ठरली. थायलंडात गहू जवळजवळ पिकतच नाही. जो लागतो तो बाहेरून येतो. भाताच्या मुलखातला स्वयंपाक गव्हावाचून अडत नाही, आणि हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी हिरवी करी निवडली. तिचं सामान लिहून काढलं तेव्हा वाटलं होतं की परदेशी भाज्यांच्या दुकानात पाकीट रिकामं होणार. प्रत्यक्षात अर्धं सामान घराच्या आसपासच निघालं.

गवती चहा मोरीच्या पाण्यावर वाढलेला होताच. आपण त्याची पाती चहात टाकतो आणि बुंधा मातीत ठेवतो. थाई लोक बुंधाच उपटतात, बाहेरची सालं सोलून आतला पांढरा, जांभळट कडांचा गाभा बारीक चिरतात. आपल्या गवती चहाचा बुंधा बारीक असतो, म्हणून दोनाच्या जागी पाच-सहा लागतात. गलांगल म्हणून जे महाग विकतात ते म्हणजे कोष्ठकोळिंजन. आमच्या भजनी मंडळातले बुवा त्याचा वाळका तुकडा गालात धरून अभंगाला बसतात. वाळकं भिजवून वाटता येतं, पण ओल्याची सर नाही, आणि त्याच्या जागी आलं घाला असं जे सांगतात त्यांना करी आणि आलेपाक यातला फरक कळत नसावा. मकरूट लिंबाचं जोडपान मिळालं तर उत्तम. नाही तर परसातल्या कागदी लिंबाची कोवळी पानं. कोथिंबिरीची मुळं तर आपण रोज केरात टाकतो. चिखलासकट जुडी आणायची, देठापाशी कचकन कापायची, की मुळं गेली. हिरव्या करीचा निम्मा वास त्या मुळांत आहे. घासून धुवावी लागतात, एवढंच.

मिरचीची बातच नको. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथयाच्या राजाकडे पोचला. अमेरिकेतली ती शेंग मग दोन्ही किनाऱ्यांवर उतरली आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती आपल्या पणजीपासूनची असल्यासारखी वाटणात घातली. त्याआधीचा तिखटपणा मिऱ्यांचा होता. हिरव्या करीच्या वाटणात पांढरी मिरी अजून टिकून आहे.

वाटणात कापीही लागते. अगदी बारीक कोलंबी मिठात कुटून, उन्हात वाळवून, मुरवून केलेला जांभळट गोळा. ती कोलंबी म्हणजे आपल्या जवळ्याच्या कुळातलीच. मी सुका जवळा तव्यावर कोरडा भाजला, खिडक्या उघड्या टाकून, आणि खलबत्त्यात कुटला. शेजारचे काय म्हणाले असतील ते म्हणोत. कुटायचा क्रम ठरलेला: भाजलेले धणे-जिरे आणि मिरी आधी, मग मीठ आणि चिवट ते सगळं, म्हणजे गवती चहा, कोळिंजन, मुळं, आणि रसदार लसूण-कांदा शेवटी. आधी कांदा घातला की बत्ता नुसता घसरत राहतो. मिक्सर चालतो, पण त्याला पाणी लागतं, आणि पाणी घातलेलं वाटण परतलं जात नाही, शिजतं.

इथवर सगळं ओळखीचं. खरी गंमत पुढे, रसाशी.

आमच्या आत्याकडे, वेंगुर्ल्याला, शिरवाळे करायचे म्हणजे घरातल्या कुणालाच सुटका नसायची. माळ्यावरून शेवगा खाली यायचा, फणसाच्या लाकडाचा, काळा कुळकुळीत. तो धुवून उन्हात उभा केला की कळायचं आज काय आहे ते. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मळून तिचे मुठीएवढे गोळे करायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे. गोळा तळाशी जाऊन बसतो आणि शिजला की वर येतो, तेव्हा तो झाऱ्याने काढून गरम असतानाच शेवग्यात. थंड झाला तर हत्तीनेही दाबला जाणार नाही. मोठा चुलतभाऊ दांड्याला लोंबकळायचा, खाली आत्या केळीचं पान फिरवत बसायची, आणि भोकांतून पांढऱ्या शेवांचा झुबका उतरायचा, वाफाळता, हाताला चटका देणारा. पानावर तिच्या हाताने एकेक वेटोळं पडायचं, कधी एकावर एक नाही.

रस काढायचं काम बायकांचं. आडाळ्यावर नारळ खवायचा, पाट्यावर वाटायचा, पंच्यात पिळायचा. पहिला जाड रस वेगळ्या भांड्यात, तो साईसारखा. मग चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरा, पातळ. गूळ किसून, वेलची घालून तो रस निखाऱ्यावर जरासा कोमट करायचा, आणि ढवळायला आम्हां मुलींपैकी कुणालातरी बसवायचं. "ढवळीत रव गो, नायतर रस फुटतलो," हे आत्या न बघता म्हणायची, पाठ फिरवून, शेवग्याकडे तोंड करून. पाठीला डोळे असल्यासारखं. उकळी म्हणजे गुन्हा. एक वर्ष धाकट्या काकाचं लग्न झालं होतं, काकू कोल्हापूरची, नारळाच्या रसाशी तिची गाठ पहिल्यांदाच पडत होती. तिने बिचारीने दुधासारखा तो रस उतू जायच्या बेताला येऊ दिला. वर तेलाचे पिवळट डोळे तरंगायला लागले, खाली कणीदार पाणी. जेवायला पाहुणे होते. आत्या काही बोलली नाही. तिने भांडं उचललं, मागच्या दाराकडे नेलं, आणि दुसरा नारळ फोडला. त्या फोडण्याचा आवाज सगळ्यांना कळला. संध्याकाळी काकूच्या पाठीमागे एवढंच ऐकू आलं, "घाटावरची ती. तिका काय ठावक?" काकू पुढे चाळीस वर्षं त्या घरात राहिली, मासे आत्याहून चांगले करायला लागली, पण शिरवाळ्यांच्या दिवशी रसाकडे फिरकली नाही.

आणि थाई स्वयंपाकात करी सुरूच होते ती जाड रस मुद्दाम फोडून. कढईत तेल घालतच नाहीत. पहिला रस घालतात, तो मध्यम आचेवर खदखदू देतात, पाणी आटत जातं, रसातली प्रथिनं गोळा होतात, त्यांनी धरून ठेवलेला स्निग्धांश सुटतो, कडेने चकाकणारं तेल दिसायला लागतं. त्या तेलात वाटण परततात. तेल सुटलं नाही तर तिथली आत्या नाराज. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काकूची फार आठवण झाली. बँकॉकच्या एखाद्या घरात तिला शाबासकी मिळाली असती. तिथेही खवणीवर बसूनच नारळ खवतात. जुन्या खवण्या सशाच्या आकाराच्या कोरलेल्या असतात, त्याच्या तोंडाशी पातं. आणि तिथेही शिरवाळे आहेत! खानोम जीन म्हणजे तांदळाच्या पिठाच्या दाबून पाडलेल्या शेवा, त्यावर हीच हिरवी करी ओततात. लोत चोंग तर रसातच: तांदळाच्या हिरव्या आखूड शेवा, नारळाचा रस, ताडामाडाचा गूळ. गूळ घालून कोमट केलेला तो रस तिथे फोडतात की जपतात, हे विचारायला मला एक थाई आत्या हवी आहे.

बाजारच्या डबाबंद रसाचं मात्र दुखणं वेगळं. तो काही केल्या फुटत नाही. त्यात तो एकजीव राहावा म्हणून काहीबाही घातलेलं असतं. काही डब्यांवर गवारीचा डिंक असतो, आणि जगातली बहुतेक गवार पिकते राजस्थानच्या रेताडात. म्हणजे राजस्थानची गवार थायलंडला जाऊन नारळाला फुटू देत नाही. गवारीच्या डिंकात ग्लूटेन नाही, हे आमच्या वाचक बाईंनी तपासलं आहे. डबाबंद रस वापरायचाच झाला तर चमचाभर खोबरेल वेगळं घालून वाटण परतावं. मी नारळ फोडते.

परतलेल्या वाटणाचा कच्चा वास गेला की दुसरा, पातळ रस. मग भाज्या, नाम प्ला, आणि किंचित गोडासाठी गोव्याच्या बाजारातला काळा माडाचा गूळ. मासे न खाणाऱ्यांनी नुसतं मीठ घालावं, सोया सॉस नको. लिंबाची पानं मधली शीर काढून, हाताने फाडून. बाटलीतलं तयार वाटण आणायचं असेल तर पाठीवरची अक्षरं वाचायची. आपल्याकडे दर किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच 'ग्लूटेन-फ्री' छापता येतं, तेव्हा ते शब्द दिसले तर डोळे मिटून घ्यावं.

तुळशीवरून मात्र वाद झाला. हिरव्या करीत पडते ती होराफा, सब्ज्याच्या जातीची, बडीशेपेसारखा वास येणारी. ती काही मिळाली नाही. वहिनीचं म्हणणं, दारातली तुळस घाल. थाई लोक आपली हीच तुळस मिरची-लसणीबरोबर मांसात परतून खातात, तिला ते काफ्राव म्हणतात, आणि ताटावर वर तळलेलं अंडं. माझं देवधर्माचं वेड बेताचं आहे, पण नैवेद्यावरचं पान जवळ्याच्या वाटणात टाकायला हात धजेना. शेवटी दर्ग्याजवळच्या फुलवाल्याकडून सब्जा आणला. तो ताजा, ओला, पाण्याच्या बादलीत ठेवलेला होता आणि दहा रुपयांत हातभर आला.

हॉटेलात या करीत ब्रोकोली, झुकिनी आणि पिवळं मक्याचं कणीस घालतात. ब्रोकोली करी पिते आणि बेचव होऊन बसते. मिळालेच तर बांबूचे कोवळे कोंब घालावेत, नाहीतर नुसती हिरवी वांगी, देठासकट चार फोडी केलेली, आणि ती शेवटच्या दहा मिनिटांतच. भात आंबेमोहोराचा लावू नये, दोन वास एकमेकांशी भांडतात. साधा कोलम पुरे, जरा मोकळा.