तुटीचा संसार

सरकारला विरोध करायची सवय मला लग्नानंतर लागली. लग्नाआधीही मला कुणाचं काही पटत नसे, पण ते मी घरच्या घरी बोलून मोकळा होत असे. लग्नानंतर ती सोय राहिली नाही. घरात तोंड उघडायला जागा उरली नाही की माणूस आपोआप देशाकडे वळतो. कुणी क्रिकेटच्या निवड समितीला सल्ले देतो, कुणी नगरपालिकेच्या नावानं खडे फोडतो. मी बी. कॉम. असल्यामुळे अर्थसंकल्प धरला.

आता खरं सांगायला हरकत नाही. बी. कॉम.ला आम्हाला सरकारी जमाखर्चावर एक अख्खं प्रकरण होतं आणि ते मी ऑप्शनला टाकलं होतं. पण हे माझ्या बायकोला ठाऊक नाही, आणि सरकारला तर नाहीच नाही. त्यामुळे दर वर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी मी रजा टाकून टीव्हीसमोर बसतो, मांडीवर वही घेतो आणि अर्थमंत्र्यांचं भाषण संपायच्या आत त्यांच्या विरोधात जातो. पक्ष कुठलाही असो. माझा विरोध निःपक्षपाती आहे.

"तूट म्हणजे नेमकं काय हो?" असं हिनं मला एकदा विचारलं होतं. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, म्हणून विचारलं.

"मिळकतीपेक्षा खर्च जास्त."

"म्हणजे दिवाळीचा महिना."

"सरकारला बारा महिने दिवाळीच असते," मी म्हणालो आणि तिला 2003 सालचा वित्तीय जबाबदारीचा कायदा समजावून सांगितला. केंद्र सरकारनं स्वतःच स्वतःवर घालून घेतलेली ती अट. तूट कमी करत राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवर आणायची. आधी एक मुदत ठरली, मग ती पुढे गेली, मग आणखी पुढे. 2020-21 साली करोनात तर तूट 9.2 टक्क्यांवर गेली. त्या वर्षी मी पुन्हा एकदा हा विषय जेवताना काढला, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुमच्या सकाळच्या फिरायला जाण्यासारखंच की. पाडव्याचं दसऱ्यावर आणि दसऱ्याचं पाडव्यावर."

त्यानंतर काही दिवस मी राष्ट्रीय प्रश्नांवर घरात बोललो नाही.

तर सांगायचा मुद्दा 2024 सालचा. 28 जूनला महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्यात माझी लाडकी बहीण योजना निघाली. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये. वर्षाची तरतूद 46,000 कोटी. मी दुधाच्या बिलाच्या मागे गणित मांडलं. अडीच कोटी बायका गुणिले पंधराशे गुणिले बारा, बरोबर 45,000 कोटी. सरकारचा हिशेब जवळजवळ जुळला याचंच मला वाईट वाटलं. चूक सापडली असती तर पत्र लिहायला जोर आला असता. पण त्याच अर्थसंकल्पात राजकोषीय तूट 1,10,355 कोटींची दाखवली होती, आणि जोर यायला तेवढी पुरेशी होती. मी वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर भरतो. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. फेब्रुवारी महिना अठ्ठावीस दिवसांचा असून त्यालाच शंभर रुपये जास्त का, हे मला कुणी अजून सांगितलेलं नाही. अशा माणसानं गप्प बसायचं म्हणजे काय?

पुढे एका रात्री जेवणं झाल्यावर मी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून संपादकांना पत्र लिहायला घेतलं. 'महोदय, कर्ज काढून ओवाळणी घालण्याचा हा प्रकार' इथपर्यंत आलो, तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ही येऊन बसली. तिच्यामागून आमच्या कामाच्या मावशी आणि त्यांच्या चाळीतल्या आणखी चौघीजणी. हिच्या हातात अर्जांचा गठ्ठा.

"जरा पेन द्या," ही म्हणाली.

"मी लिहितोय."

"तुमचं काय, उद्याही लिहाल. सरकार कुठे पळून जातंय?"

पेन गेलं. मग आधार कार्डाचे क्रमांक मोठ्यानं वाचले जाऊ लागले, केशरी रेशनकार्डं निघाली, पासबुकं निघाली. मावशी त्यांचा अर्ज हातभर लांब धरून बघत होत्या. मला वाटलं, सरकारी कागद म्हणून आदरानं धरला असेल. "दादा, इथे काय लिवलंय हो?" त्यांनी विचारलं. (त्या मला दादा म्हणतात. अर्थमंत्र्यांनाही महाराष्ट्र दादाच म्हणत होता, पण त्या रात्री आम्हा दोन दादांत मतभेद होते.) मी बघितलं, तर बँकेच्या शाखेच्या आयएफएससी कोडमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ओ. अकरा अक्षरांतलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो ओ बघून झोप लागणं शक्य नाही. मी तो दुरुस्त केला. मग दुसरीचा बघितला. तिचं आधारवरचं नाव माहेरचं आणि पासबुकावरचं सासरचं. रात्री साडेअकरापर्यंत मी त्या पाचही अर्जांची छाननी करत होतो. ज्या खर्चाला माझा विरोध होता, त्यातले वर्षाला 90,000 रुपये मी स्वतःच्या हातानं सरकारच्या गळ्यात मारले.

पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. सहाशे शब्दांचं होतं, चार ओळींचं छापून आलं. आकडे सगळे कापले होते. नाव मात्र पूर्ण होतं, त्यामुळे ऑफिसात चहा मला पाजावा लागला.

ऑगस्ट आला. रक्षाबंधनाच्या आधी जुलै-ऑगस्टचे मिळून 3,000 रुपये खात्यांत पडू लागले आणि आमच्या शाखेत जे घडलं त्याचं वर्णन करायला लेखणी अपुरी आहे. निदान आमच्या शाखेतली तरी, कारण ती दोऱ्यानं बांधलेली असते. शटर वर जायच्या आधी रांग रस्त्यावर गेलेली. कुणाचं खातं आधारला जोडलेलं नाही, कुणाचं दोन वर्षं व्यवहार नसल्यानं निष्क्रिय झालेलं. "झोपलंय म्हंजे? उठवा की मग!" असं एका आजींनी मला दरडावलं. कुणाचे तीन हजार आले आणि किमान शिल्लक नाही म्हणून त्यातले काही आमच्या कॉम्प्युटरनं त्याच दिवशी कापून घेतले. सरकारनं ओवाळणी घालायची आणि ताटातली नाणी बँकेनं उचलायची, असा तो प्रकार. त्या बाईला मी तो नियम समजावून सांगितला. सांगताना मला तिच्याकडे बघवेना. म्हणून मी स्क्रीनकडे बघून सांगितला. पुढे बँकांना ही कपात करू नका असं सांगण्यात आलं, पण तोवर माझा तोंडपाठ झाला होता.

आणि एक जोडपं आलं. नवरा पुढे, बायको मागे. नवऱ्यानं स्वतःचं पासबुक माझ्यापुढे सरकवलं. "साहेब, हिचे पैसे माझ्या खात्यात फिरवा. एकच घर आहे आमचं." मी बाईकडे बघितलं. ती काही बोलली नाही. फक्त मान हलवली, आडवी. नवरा म्हणाला, "अगं, तुला काय करायचेत?" ती म्हणाली, "ते मग बघीन." एवढंच. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग सगळीच रांग हसली. नवऱ्यानं आपलं पासबुक उचललं आणि दाराशी जाऊन पोस्टरवरचे मुदत ठेवीचे दर वाचत उभा राहिला.

हा किस्सा मी घरी रंगवून सांगितला. चूक झाली. ही हसली नाही. कणीक मळता मळता म्हणाली, "बरोबर केलं तिनं."

"बरोबर? लोकांचा पैसा आहे तो! कराचा. कर्जाचा. एकदा दिला की कशावर खर्च झाला याचा कुणी हिशेब तरी मागतं का?"

"म्हणूनच," ही म्हणाली.

मग तिनं हात धुतले, कपाटावरून आमच्या हिशेबाच्या वह्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. एकोणीस वर्षांच्या एकोणीस. मी मोठ्या अभिमानानं लोकांना दाखवतो त्या. दर महिन्याच्या अखेरीला मी त्या तपासतो, लाल पेननं. 'किरकोळ' हे सदर मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बंद केलं. बँकेत 'संकीर्ण' खाली माणसं काय काय लपवतात हे मला माहीत होतं. ही पानं उलटत गेली. 'बांगड्या 60' याच्यापुढे माझ्या अक्षरात 'कारण?' 'रिक्षा 35' याच्यापुढे 'बस नव्हती?' एका ठिकाणी 'पाणीपुरी 20' याला मी वर्तुळ केलं होतं.

"तुमचं सरकार त्या बायकांना 'कारण?' असं विचारत नाही," ही म्हणाली. "आणि 2016 साली नोटा बंद झाल्या तेव्हा डाळीच्या डब्यातल्या पाचशेच्या तेवीस नोटा मी तुमच्या हातात दिल्या. आठवतंय काय विचारलंत? बदलून कशा आणू, असं नाही. कुठून आल्या, असं."

आठवत होतं. चोवीस तास नोटा मोजून मी घरी आलो होतो, एवढाच माझा बचाव. तो मी केला नाही.

पण हिचं संपलं नव्हतं. "आणि सरकारी खर्चाला विरोधच करायचा, तर 2017 च्या ऑक्टोबरात का नाही केलात? ते बँकांना किती लाख कोटी द्यायचं ठरलं होतं?"

"दोन लाख अकरा हजार," मी सवयीनं उत्तर दिलं. "पण ते भांडवल होतं. ते वेगळं."

"तुम्ही पेढे आणले होतेत. वहीत आहे. अर्धा किलो."

वहीत खरोखरच होतं. त्याच्यापुढे 'कारण?' लिहिलेलं नव्हतं.

मोठ्या लोकांनी बुडवलेल्या कर्जांमुळे बँका खिळखिळ्या झाल्या, त्यांत सरकारनं पैसे ओतले, आणि त्या वेळी मला तुटीची आठवणही झाली नाही, हे मी इथे कबूल करून टाकतो. भांडवल आणि ओवाळणी यांत फरक आहे, हे मी अजूनही म्हणतो. पण तो फरक समजावून सांगायला मी तोंड उघडलं की समोर अर्धा किलो पेढे दिसतात.

सप्टेंबरात एक चमत्कार झाला. आमच्याकडे कपबशा स्वच्छ येऊ लागल्या. गेली तीन वर्षं कपाच्या कानापाशी चहाचा डाग आणि ताटाच्या काठाला भाताचं शीत हे आमच्या घराचं वैशिष्ट्य होतं. ही मावशींना बोले, मावशी पुन्हा घासत, शीत तिथंच. मी त्यावर 'कामातील हलगर्जी' असं निदान करून पगारवाढ दोनदा पुढे ढकलली होती. आणि आता एकदम काचेसारखी ताटं! मी स्वयंपाकघरात डोकावलो तर मोरीपाशी मावशी चष्मा लावून बसलेल्या. काळ्या काड्यांचा, नवा.

"पैशे आले ना दादा, म्हणून केला," मावशी म्हणाल्या. "लई झालं, दिसंना झालं होतं. आता सुईत दोरा पण जातो." आणि जरा लाजून, "तुमच्या ताटाला किती घाण राहत होती हो! तुम्ही कुणी बोलला पण नाही."

बोललो तर आम्ही पुष्कळ होतो. ही खाली बघत राहिली. मग बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "तीन वर्षं आपल्या घरात येतेय ती. आपल्याला कळू नये?"

मला तो हातभर लांब धरलेला अर्ज आठवला.

त्या महिन्यात पगारवाढ दिली. मागची मिळून. वहीत ती कुठल्या सदराखाली टाकायची हे मला सुचेना, तेव्हा हिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'किरकोळ' लिहिलं. मी लाल पेन काढलं नाही.

ऑक्टोबरच्या एक तारखेला मी आणखी एक काम केलं. माझ्या खात्यातून हिच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये आपोआप जातील अशी सूचना कॉम्प्युटरला देऊन टाकली. काउंटरवर पाच मिनिटांचं काम, मनात एकोणीस वर्षांचं. संध्याकाळी घरी आलो तर ही मोबाइलवरचा संदेश पुन्हा पुन्हा वाचत होती.

"हे कशाबद्दल?"

"तुझे. वहीत लिहायचे नाहीत. मी विचारणार नाही."

तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि विचारलं, "का हो, तुमच्या बँकेतल्या युनियनची पण निवडणूक आहे का?"

त्या नोव्हेंबरात खरी निवडणूक झाली. जाहीरनाम्यात पंधराशेचे एकवीसशे करायचं वचन आलं, वचन देणारे निवडून आले. पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात योजनेची तरतूद 36,000 कोटींवर आली आणि एकवीसशेचं नाव निघालं नाही. उलट पडताळणी सुरू झाली, आणि काही हजार पुरुषही लाडक्या बहिणी होऊन बसल्याचं 2025 साली उघड झालं. मी ताबडतोब संपादकांना पत्र लिहायला बसलो. या वेळी माझ्याकडे भरपूर मुद्दे होते. 'महोदय, जे देणं झेपत नाही त्याचं आश्वासन' इथपर्यंत आलो, तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ही येऊन बसली. या वेळी एकटीच, हातात फक्त तिचं पासबुक.

"अहो, इतके हप्ते झाले," ती म्हणाली. "माझ्या एकवीसशेचं काय?"

मी पेन खाली ठेवलं. घसा साफ केला.

"आर्थिक परिस्थिती सुधारली," मी म्हणालो, "की योग्य वेळी विचार करू."