शेडमधली सफारी

राजूरच्या आमच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली एक टाटा सफारी उभी असते. पुण्यातील एका सद्गृहस्थांनी २०१९ साली ती आम्हांला दिली, तेव्हा तिचे वय अकरा वर्षांचे होते. चामड्याची आसने, मागच्या मंडळींसाठीही गार हवा, चढायला पायरी आणि मागच्या दारावर टांगलेले जादा चाक, असा तिचा थाट. पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर मंडळी तिच्याभोवती जमली. एका आजींनी तिच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, ‘‘फादर, ही तर आमदाराची गाडी!’’ आजींच्या बोलण्यात कौतुक होते की टोचणी, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

टोचणी मात्र आम्हांला लागली. जुलै २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सेमिनरीतील विद्यार्थी व नवशिष्यांसमोर बोलताना, धर्मगुरू किंवा सिस्टर नव्याकोऱ्या मॉडेलच्या मोटारीतून फिरताना दिसले की आपल्याला यातना होतात, असे सांगितले होते. गाडी कामासाठी लागते हे त्यांना मान्य होते. पण ती साधी असावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे दोनच महिन्यांनी व्हेरोना येथील एका वृद्ध धर्मगुरूंनी आपली १९८४ सालची रेनो-४ मोटार त्यांना भेट दिली. तीन लाख किलोमीटर धावलेली ती मोटार पोपमहोदयांनी आनंदाने स्वीकारली. आमची सफारी नवी नव्हती, एवढ्यावर आम्ही मनाचे समाधान करून घेतले. मन असे वकिली करण्यात तरबेज असते.

ही गाडी आपल्या मातीतली आहे, हेही खरे. टेल्को कंपनी १९६६ मध्ये पुण्यास आली. तिच्याच कारखान्यातून १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी बाहेर पडली. सुमो हे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून आले आहे; जपानी पैलवानांशी त्याचा संबंध नाही. जुन्या सफारीचा सांगाडा ट्रकसारखा वेगळा आणि त्यावर कवच बसवलेले, त्यामुळे खडकाळ रस्त्यावर ती चिवट असते. आमच्या भागाला अशीच गाडी हवी. कुमशेत, पाचनई, घाटघर, साम्रद ही नावे नकाशावर जवळजवळ दिसतात. आषाढात मात्र प्रत्येकाचे अंतर दुप्पट होते. रुग्णाभ्यंगासाठी निरोप येतो तो बहुधा रात्री आणि बहुधा पावसात.

पण श्रीमंताघरची लेक गरिबाघरी नांदायला आली की तिचा खर्च माहेरच्याच मापाने होतो. पहिल्याच मोठ्या दुरुस्तीचा अंदाज हातात पडला, तेव्हा त्या रकमेत आमचे स्वयंपाकघर तीन महिने चालले असते. पाठोपाठ मार्च २०२० ची टाळेबंदी आली. गॅरेजे बंद पडली, गाडीची बॅटरी बसली आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार मांडून वायरी कुरतडल्या. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पाना कसा धरावा हे तिथे कोणी शिकवले नव्हते. पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही ते शिकायला बसलो. धर्मग्रामातील दोन मुले मदतीला आली. एकाने आय.टी.आय.त वायरमनचा अभ्यास पुरा केला होता, दुसऱ्याला फक्त हौस होती.

वायरींपासून प्रारंभ झाला. पुढचे दिवे मिणमिणते होते. भंडारदऱ्याकडच्या धुक्यात तर रस्त्याकडेचा दगड आणि बसलेले वासरू एकच दिसे. आम्ही जादा शक्तीचे बल्ब आणायला निघालो होतो. वायरमन पोराने मीटर लावून दाखवले की बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट आहेत आणि दिव्यापाशी पोहोचेपर्यंत अकराही उरत नाहीत. बारीक, जुन्या वायरींतून आणि स्विचमधून येताना वीज वाटेतच गळत होती. आम्ही दोन रिले बसवले आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर फ्यूजसह टाकली. आता स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, ओझे वाहत नाही. बल्ब जुनेच राहिले आणि रस्ता लख्ख दिसू लागला. त्या रात्री आम्हांला झालेला आनंद काही प्रवचने रंगल्यावरही झाला नव्हता.

मग हात सैल सुटला. डिझेलचा फिल्टर, रेडिएटरचे होज पाइप, पट्टा, पुढच्या चाकांचे बुश एकेक करून बदलले. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून मागवले. दोन बोल्टांचे आटे मारले, तेही सांगून टाकतो. तळाचा गंज खरवडून रंग दिला. डिसेंबरात राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. तिथला बैल पाहावा. त्याच्या कातडीला अंगचाच तेलकटपणा असतो, पाऊस त्याच्या पाठीवरून ओघळून जातो. आमच्या सफारीला ते दैवी देणे नव्हते, म्हणून दर वैशाखात तिला खालून तेल-ग्रीस चोपडावे लागे.

याच ओघात आम्ही नवा टेप बसवला, छतावर सामानाचा कठडा आणला, आसनांना नवी खोळ शिवली. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅडही आम्ही स्वतः बदलले आणि त्याचा पुरेसा गवगवा केला. ब्रेकचे तेल मात्र होते तेच ठेवले. डबीत डोकावले, पातळी बरोबर होती. रंग काळ्या चहासारखा झाला होता. तो वयाने येतो असे समजून आम्ही झाकण लावले.

ऑगस्ट २०२२ मधील ती रात्र. वाडीवरच्या एका बाबांना छातीत कळ आली. त्यांना राजूरला आणले. डॉक्टरांनी संगमनेरला हलवायला सांगितले. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. बाबा, त्यांची कारभारीण, मुलगा आणि दोन शेजारी यांना घेऊन आम्ही निघालो. बाबांना धक्का बसू नये म्हणून वाडीच्या उतारापासूनच आम्ही ब्रेकवर पाय ठेवून सावकाश चालवत होतो. तेच विठा घाटातही चालले होते. घाट निम्मा उतरल्यावर एका वळणापूर्वी पाय दाबला, तो पेडल लोण्यात सुरी जावी तसे तळाला गेले. दुसऱ्यांदा दाबले, तेच. मागून कारभारणीचा आवाज आला, ‘‘फादर, जरा हळू.’’

आम्ही तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिनाने मोठा हंबरडा फोडला. हँडब्रेक थोडाथोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या चिखलाच्या चरात घातली. ती थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती. ओठांवर प्रार्थना होती असे लिहायला आम्हांला आवडले असते. खरे सांगायचे तर डोके त्या क्षणी पूर्ण रिकामे होते.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट लागले. पहिल्या-दुसऱ्या गिअरात घाट उतरून आम्ही संगमनेर गाठले. बाबा वाचले. मुलाने आमचे हात धरले आणि म्हणाला, ‘‘फादर, तुमची गाडी नसती तर बाबा गेले असते.’’ गाडीमुळेच सगळे गेले असते, हे त्याला माहीत नव्हते. आम्ही मान हलवली आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीचे एस.टी.तून निवृत्त झालेले चालक आले. त्यांनी डबीचे झाकण उघडले, तेलात बोट बुडवले आणि विचारले, ‘‘हे कधी बदललं होतं?’’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ जातीचे ताजे कोरडे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता तेलापर्यंत पोहोचते, त्याची वाफ होते आणि पाय दाबतो ती नुसती वाफ दबते. चाकापर्यंत जोर जात नाही. गार झाले की वाफेचे पुन्हा तेल होते, म्हणून अर्ध्या तासाने पेडल शहाणे झाले. ‘‘फादर, ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही,’’ चालककाका म्हणाले. रागावले असते तर आम्हांला बरे वाटले असते.

सबंध दुपार तेल बदलण्यात गेली. सर्वांत दूरचे चाक आधी, म्हणजे मागचे डावे; मग मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. हवा काढण्याचे छोटे स्क्रू गंजून बसले होते. हौशी पोरगा आत बसून पेडल दाबी, चालककाका खालून ‘‘दाब... धर... सोड’’ म्हणत, आणि नळीतून ते काळे पाणी बाटलीत उतरे. शेवटी फिकट पिवळे, स्वच्छ तेल आले. ती काळ्या तेलाची बाटली आम्ही शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवली आहे.

पण वरचे मौन सलत राहिले. दर शनिवारी पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला आपले स्वतःचे कुठे ठेवावे हे कळू नये! आमच्या कबुलीजबाबाच्या धर्मगुरूंनी एकच प्रश्न केला, ‘‘त्या कुटुंबाला सांगितलंत का?’’ नाताळच्या आदल्या आठवड्यात आम्ही वाडीवर गेलो. बाबा ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. आम्ही सर्व सांगितले : तेल, टेप, छताचा कठडा, घाट, दरी. मुलाचा चेहरा उतरला. तो उठून गोठ्याकडे गेला. कारभारीण काही वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणून मी म्हटलं, जरा हळू.’’ आणि तिने चहा पुढे केला. मुलगा आम्ही निघेपर्यंत परतला नाही.

पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. नोंदणीच्या नूतनीकरणाला पूर्वी सहाशे रुपये लागत. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी पाच हजार झाले, पर्यावरण कर वेगळा. गाडी विकावी, असे धर्मग्राम समितीत दोघांनी मांडले, आणि आम्ही त्यांच्या बाजूने बोललो. त्या वेळी उठून विरोध केला तो वाडीवरच्या त्या मुलाने. ‘‘गाडी राहू द्या. चावी फादरांबरोबर चालककाकांकडं पण ठेवा,’’ एवढेच तो म्हणाला. तसा ठराव झाला. श्रीरामपूरच्या निरीक्षकांनी ब्रेक दोनदा तपासून पाहिले. आम्ही श्वास रोखून उभे होतो.

शेडच्या भिंतीवर आता खडूने तारखा लिहिलेल्या असतात. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी, पावसाळ्यापूर्वी. टेप बंद पडला आहे, तो तसाच आहे. बाबा अजून तपासणीसाठी आमच्याच गाडीतून संगमनेरला जातात. पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी ते थांबतात, काठी टेकवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, ‘‘फादर, तेल बदललं का?’’