यजमान संगणक

२००६ साली आमच्या घरात संगणक दोन होते आणि आंतरजालाची जोडणी एकच. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या त्या जोडणीचा वेग सेकंदाला २५६ किलोबिट. 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी शासनाच्या २००४ च्या धोरणाने तेवढाच किमान वेग ठरवला होता. दुसरी जोडणी घेण्याची ऐपत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या दोघांची नव्हती. तेव्हा मोडेम बाहेरच्या खोलीतल्या संगणकाला यूएसबीने जोडायचा, त्याच्या लॅन कार्डातून एक केबल स्वयंपाकघराच्या माळ्यावरून आतल्या खोलीतल्या संगणकापर्यंत न्यायची आणि विंडोज एक्सपीमध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग'च्या चौकटीत खूण करायची, असा मार्ग निघाला. (केबल क्रॉसओव्हर जातीची लागे. एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला जोडलेली हवी, हे कळेपर्यंत आमचे दोन रविवार गेले.)

जोडणी ज्याच्याकडे असते तो होस्ट, म्हणजे यजमान. मराठीत हा शब्द पाहुणचार करणाऱ्याला लागतो तसाच नवऱ्यालाही. मुळात मात्र यज्ञ ज्याच्यासाठी चालतो आणि ज्याला त्याचे फळ मिळते, तो यजमान. आमच्या घरात यजमान संगणक यजमानांचाच होता, हा निव्वळ योगायोग आहे असे आम्ही बरीच वर्षे मानत आलो.

त्या संगणकाचा घरातला पत्ता १९२.१६८.०.१. आतल्या संगणकाला त्याच मालिकेतला एखादा पत्ता तोच नेमून देई. १९२.१६८ ने सुरू होणारे हे पत्ते १९९४ साली खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले. लाखो घरांत तेच असतात आणि म्हणूनच घराबाहेर त्यांना कोणी ओळखत नाही. आतून आलेल्या प्रत्येक मागणीवर यजमान स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, कोणती मागणी कोणाची याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की नोंद पाहून ते आत पोचवतो. पूर्वी पाकिटांवर 'द्वारा' लिहून दुसऱ्याचे नाव घालत, त्यातलाच हा प्रकार. पण तिथे मूळ नाव निदान पाकिटावर असे. इथे ते फक्त यजमानाच्या वहीत. यजमान बंद झाला की वहीही मिटते.

२००७ च्या मे महिन्यात ती एका रात्री मिटली. आमच्यापैकी आतल्या खोलीत बसणारीने जात्यावरच्या ओव्यांवरचा निबंध एका चर्चासत्रासाठी पाठवायला लावला. मुदत त्याच रात्री बाराची. स्कॅन केलेल्या पानांमुळे फाइल जड होती, म्हणून 'पाठवा' दाबून ती झोपायला गेली. बाहेरच्या खोलीतल्याने अकराच्या सुमारास नेहमीप्रमाणे आपला संगणक बंद केला. सकाळी पडद्यावर चुकीचा संदेश आणि निबंध जागच्या जागी. आयोजकांनी मुदत वाढवली नाही. तो निबंध पुढे कुठेच छापला गेला नाही.

चूक कोणाची, यावर आमचे आजही एकमत नाही. एकाचे म्हणणे, सांगायला हवे होते. दुसरीचे म्हणणे, वर्षभरात एकदाही 'बंद करू का?' असे विचारले गेले नव्हते आणि ते विचारायचे असते हेही त्या रात्रीपर्यंत दोघांच्या ध्यानात आले नव्हते. हा मजकूर दोघांनी मिळून लिहिताना 'आम्ही' हे सर्वनाम इथे जरा अडखळते. बाहेरून पत्ता एकच दिसतो.

२००९ मध्ये राउटर आला, माळ्यावरची केबल निघाली, विषयही मागे पडला.

२०२० च्या टाळेबंदीत दोघांचे तास घरूनच चालू असताना जोडणी दोन दिवस बंद पडली. तेव्हा तिच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आमचे भागले. यंत्रणा तीच, यजमान तेवढा बदललेला. दुसऱ्या दिवशी दूध आणायला खाली निघताना तिने सवयीने फोन उचलला. बाहेरच्या खोलीत तास रंगात आला होता. फोन परत टेबलावर ठेवून ती गेली, आणि पैसे त्या फोनातच असल्यामुळे दूध उधारीवर आले.